त्यानं घातलेल्या शपथा

धारूरच्या घाटात परतीचा पाऊस सांगून येत नाही. आत्ता लख्ख उजाडलेलं असतं, आणि एक वळण घेऊन पुढं जावं तर समोरचा रस्ताच गायब! त्या सकाळी उज्ज्वला अशीच पळता पळता पावसात शिरली. डोकं झाकावं की बूट वाचवावेत हे ठरेपर्यंत चिंब झाली, आणि कडेला उभ्या असलेल्या एका पिकअपच्या ताडपत्रीखाली जाऊन थांबली.

तिथं आधीच एकजण होता. सीताफळांच्या क्रेटवर एक पाय ठेवून निवांत पाऊस बघत होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिच्या चिखलानं भरलेल्या बुटांकडं पाहिलं, मग मान लांब करून ती आली त्या दिशेला पाहिलं.

"कोण लागलंय मागं?"

"कुणी न्हाई."

"मग येवढ्या पावसात पळायलीस कावून?"

"भरतीची तयारी करायले. पोलीस भरतीची," उज्ज्वला धापा टाकत म्हणाली.

"हे तर उलटंच हाय," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "पळायचं असतंय चोरानं. पोलिसानं नुसती शिट्टी मारायची."

उज्ज्वलाला हसू आवरेना. त्यानं केबिनमधून एक सीताफळ आणलं, पिकून मऊ झालेलं, हातानंच त्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग तिच्यापुढं धरला. "घे. डायवरसाठी राखून ठेवलं हुतं."

"मग डायवर काय खाईल?"

"डायवरचं पोट आज भरलंय," तो म्हणाला... आणि पावसाकडं बघायला लागला. पण कान लाल झाले होते, ते तिनं बघितलंच.

आता एवढ्याशा बोलण्यात प्रेमात पडण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही. बाविसाव्या वर्षी ताडपत्रीवर पाऊस वाजत असतो, समोरच्या मुलाच्या गालाला हसताना खळी पडते, आणि तो आपल्याला हसवायला बघत असतो... बास की! याहून कमी भांडवलावर लोकांनी संसार उभे केलेत. त्याचं नाव सोमेश्वर. मूळचा अंबाजोगाईकडचा, पण धारूरला मामाकडं राहून मामाची पिकअप चालवायचा.

उज्ज्वलाची एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. तिचे वडील सटवा, म्हणजे तिचे अण्णा, शेरडं राखायचे. घाटमाथ्यावरच्या त्या वस्तीत बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच मुलगी, बरोबरीच्या सगळ्या कधीच सासरी गेलेल्या. सटवानं तिच्याशी रोखठोक बोलणं केलं होतं. "एक भरती. लागलीस तर तुजं तू बघ, मी मदी येणार न्हाई. न्हाई लागलीस तर मी दावीन त्या पोरासंगं बोहल्यावर उभं ऱ्हायचं. हाय कबूल?" उज्ज्वला म्हणाली होती, "कबूल." सटवा शब्दाचा पक्का माणूस होता, आणि त्याची लेकही. म्हणून ती आणि तिची मैत्रीण करिष्मा रोज तांबडं फुटायला घाटात पळायच्या. करिष्मा चढणीला मागं पडायची. उज्ज्वलाला मात्र चढण कळायचीच नाही, शेरडांमागं पळूनच तिचे पाय घडले होते. ती निवडली जाणार, याबद्दल वस्तीत कुणालाच शंका नव्हती.

पाऊस उघडला, पण पिकअप रोज त्याच वळणावर थांबायला लागली.

"आजबी टायर पंचर का?" उज्ज्वला पळता पळताच विचारायची.

"टायर न्हाई गं, डायवर पंचर हाय."

"मग दुकानात न्या की त्याला."

"दुकान रोज समोरून पळून जायलंय, काय करणार?"

करिष्मा मागून येऊन म्हणायची, "ओ पंचर डायवर, सरका, आमचं टायमिंग बिघडायलंय." आणि तिघंही हसायचे. ते दिवस खरंच चांगले होते. पुढं काय झालं म्हणून आधीचं गोड ते कडू होत नाही, आणि हीच तर खरी अडचण असते.

हळूहळू त्यानं आपलं सांगितलं. तो लहान असताना बाप एके दिवशी "आलोच" म्हणून गेला, तो परत आलाच नाही. आई दोन वर्षांनी गेली. मामानं वाढवलं, पण प्रत्येक घास मोजून दाखवत वाढवलं. हे सांगताना त्याचा आवाज असा बारीक व्हायचा की उज्ज्वलाच्या काळजाचं पाणी व्हायचं.

"तूबी जाशील एक दिवस," तो म्हणायचा.

"मी कुठं जायले?"

"पोलीस झाल्यावर मुंबईला न्हाईतर पुण्याला. जाणारं माणूस मला लांबून वळखू येतंय, उजू."

उजू! अख्ख्या वस्तीत तिला सगळे 'उजे' म्हणून हाक मारायचे. तिचं उजू कुणीच केलं नव्हतं.

पहिली शपथ गोडच होती. त्यानं अर्धं सीताफळ पुढं केलं, ती म्हणाली की पळताना मध्येच खाल्लं तर पोटात दुखतं. त्यावर त्यानं दोन बोटांच्या चिमटीत आपल्या गळ्याची कातडी धरली. "माज्या गळ्याची शपत हाय तुला. खा."

आमच्या भागात शपथ घालणं ही साधी गोष्ट नाही. जेवायला आग्रह करताना, पाहुण्याला थांबवून घेताना सर्रास घालतात, हे खरं. पण घातलेली शपथ मोडली तर मोडणाऱ्याला काही होत नाही. ज्याच्या गळ्याची असते, त्याच्या जिवावर बेततं. शिकलेली माणसं वरवर हसतात, आणि शपथ मोडायची वेळ आली की गप्प बसतात. उज्ज्वलानं ते अर्धं सीताफळ खाल्लं. घाट चढताना पोटात दुखलं, तेही तिला गोड वाटलं.

मग शपथा वाढत गेल्या. मऊ लागलं की माणूस कोपरानं खणतो, त्यातला प्रकार. तो कधी आवाज चढवायचा नाही, कधी शिवी द्यायचा नाही. नुसता उदास व्हायचा. वस्तीतल्या मुलांसमोर ट्रॅकपँटवर पळू नको, माजी शपत. फोन लागला न्हाई तर माजा जीव जातो, मैदानातबी फोन जवळ ठेव, माजी शपत. आणि ती एखादी गोष्ट विसरलीच, तर फोनवर लांबच लांब शांतता.

"सोमू... जेवलास का?"

"न्हाई."

"सकाळीबी न्हाई?"

"असू दे गं. तू कर तुजी तयारी. माज्या जेवणाचं काय येवढं."

मग उज्ज्वलाच्या घशाखाली भाकरी उतरायची नाही. आई विचारायची, "पोरी, वाळायलीस कावून?" आणि ती म्हणायची, "पळून पळून, माय."

शेवटी त्यानं करिष्माबद्दल शपथ घातली. "ती माज्याबद्दल तुजं कान भरायली. मला दिसतंय. मी हाय ना तुला? मग तिसरं माणूस कशाला? माज्या गळ्याची शपत हाय उजू, तिच्यासंगं जायचं न्हाई कुठं."

करिष्मानं कान भरले होते, हे खोटं नव्हतं. ती सरळ म्हणाली होती, "उजे, ह्यो तुला गोड बोलून बांधायलाय."

"तुला काय म्हाईत त्याचं? त्याला कुणी न्हाई गं."

"त्याला कुणी न्हाई, म्हणून तुलाबी कुणी ठेवायचं न्हाई का त्यानं?"

असल्या प्रश्नांना प्रेमात उत्तर नसतं. उज्ज्वला एकटी पळायला लागली. करिष्मा थोडं अंतर ठेवून मागून पळायची, आणि वळणावर पिकअप दिसली की थांबून बुटाची नाडी बांधायची.

त्या काळात उज्ज्वलानं जाणूनबुजून शपथ मोडली ती एकदाच. दत्तजयंती झाल्यावर सोमवारी ती करिष्माबरोबर अंबाजोगाईला जाऊन पळायचे चांगले बूट घेऊन आली. भरती जवळ आली होती, जुने बूट फाटले होते, आणि बुटांतलं करिष्माला कळत होतं. सोमेश्वर त्या आठवड्यात भेटलाच नव्हता, फोनवर 'कामात हाय' म्हणत होता. भेटल्यावर सगळं सांगून टाकू, असं तिनं ठरवलं होतं.

तो भेटला गुरुवारी. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत.

"अगं बया! हे काय झालं?"

"काय न्हाई. पडलो."

"कसं? कुठं?"

तो घाटाखाली बघायला लागला. मग म्हणाला, "उजू... एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार ना."

"तू करिष्मासंगं गेलतीस का कुठं?"

"सोमवारी... बुटं घ्यायला. सोमू, मी तुला सांगणारच हुते—"

"सोमवारी..." त्यानं पट्टीकडं बघितलं. "तरीच."

बास, एवढंच. तो रागावला असता तर ती भांडली असती, ओरडला असता तर ती निघून गेली असती. पण तो हसला, खळी पडेल असं हसला, आणि डाव्या हातानं तिचे डोळे पुसत म्हणाला, "रडू नको. जीव गेला न्हाई ना? येवढ्यावर भागलं." उज्ज्वलानं त्या पट्टीवर कपाळ टेकलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की आता जीव गेला तरी याची शपथ मोडायची नाही. आपला जीव गेला तरी.

*

मैदानी चाचणी बीडला होती. उज्ज्वला आणि करिष्मा पहाटेच्या एसटीनं निघाल्या. आईनं भाकरी बांधून दिली होती. सटवा स्टँडवर सोडायला आला होता, खिडकीखाली उभा राहिला होता, आणि गाडी सुटताना फक्त "जोरात पळ" म्हणाला होता. सोमेश्वरनंही आदल्या दिवशी "जा, येवढ्या येळंला करिष्मासंगं जा" म्हटलं होतं. उदासपणे, पण म्हटलं होतं.

गाडी घाट उतरली आणि फोन वाजला.

"कुठं हाईस?"

"बसमदी. तुला सांगितलं की."

"उजू, रातभर डोळ्याला डोळा न्हाई. छातीत कसंतरीच व्हायलंय..." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तू आज पळालीस की गेलीस. खाकी घातल्यावर पिकअपवाल्याला कोण वळख देतंय? बाप असाच गेलता, सकाळच्याच गाडीनं."

"मी येते ना परत! सांजच्याला येते."

"त्योबी आलोच म्हणलता." मग अगदी हळू आवाजात, "माज्या गळ्याची शपत हाय. मैदानावर पाय ठेवलास तर माजं मेलेलं तोंड बघशील. तेलगावला उतर. मी निघालोच."

फोन बंद झाला. उज्ज्वलाच्या डोळ्यांसमोर ती पांढरी पट्टी उभी राहिली. तेलगावला गाडी थांबली तेव्हा ती उठली. करिष्मानं तिची बाही धरली.

"उजे, येडी झालीस का? सकाळचं काम हाय, दुपारी मोकळी! फोन बंद करून ठेव."

"त्याला काय झालं तर?"

"शपतीनं कुणाला काय व्हत नसतंय!"

"हाताला झालं ना."

"बाई, उतरायचंय का बसायचंय?" कंडक्टर ओरडला. "तिकीट तर बीडचं हाय तुजं."

करिष्मा रडत होती. उज्ज्वलानं एक एक बोट सोडवून आपली बाही सोडवली, आणि उतरली. गाडी वडवणीच्या रस्त्याला लागली, लहान होत गेली, दिसेनाशी झाली. ती स्टँडच्या बाकावर बसून राहिली. नवे बूट पायात होते.

'निघालोच' म्हणणारा सोमेश्वर दुपारी आला. केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात भेळीचा पुडा.

"छाती कशी हाय?" तिनं उठून विचारलं.

"तू उतरलीस म्हणल्यावर थांबलीच की दुखायची!" तो हसला. "म्हणलं नव्हतं मी? माजी उजू माज्या शब्दाभाईर न्हाई. घे, खा. उपाशी असशील."

आणि उज्ज्वलानं ती भेळ खाल्ली. तेव्हा बीडच्या मैदानावर तिचा नंबर पुकारून झाला होता, कुणीतरी तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं होतं. ती भेळ खाताना त्याच्याकडं बघून हसलीसुद्धा, हे तिला पुढं कितीतरी दिवस स्वतःला माफ करता आलं नाही.

करिष्मा निवडली गेली. सटवानं लेकीला एकदाच विचारलं, "पळालीस का?" ती खोटं बोलली नाही. "न्हाई. मदीच उतरले." कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही. "बरं," म्हणाला, काठी उचलली आणि शेरडांमागं गेला. थोड्याच दिवसांत नांदूरघाटच्या एका घराला निरोप गेला, की मुलगी दाखवायची आहे.

उज्ज्वला सोमेश्वरकडं धावली. "आता तू मागणी घाल. अण्णा तुला न्हाई म्हणणार न्हाईत. कष्टाचा माणूस पायजे त्यांना, दुसरं काय नको."

"घालतो की. मामाचा मूड बघून इचारतो."

"पाव्हणे यायलेत सोमू."

"थोडं थांब. माज्यावर भरवसा न्हाई का तुजा?" आणि तो उदास झाला. तो उदास झाला की प्रश्न तिथंच संपायचा, आणि तिनंच त्याची समजूत काढायची, अशी आता रीतच पडली होती.

*

धारूरच्या स्टँडजवळ सोमेश्वरचा मित्र शहादेव याचं पंक्चरचं दुकान होतं. तोंडानं सैल, मनानं वाईट नाही. एके दिवशी सोमेश्वर यायचा म्हणून उज्ज्वला तिथं थांबली होती. शहादेवनं बसायला स्टूल दिलं, गप्पा काढल्या. तिनं सहज विचारलं, "त्या हातानं आता जड उचलता येतंय का त्यांना? मला म्हणतेत, दुखत न्हाई."

"कुठला हात? आत्ता, त्यो! त्येला काय झालंय, घोड्यावानी हाय." शहादेव टायर फिरवत हसला. "दत्तजयंतीला महाप्रसादाचं पातेलं उतरवताना घसरलं येडं. पालखी दारात अन् हे बोंबलायलं! मीच न्हेलतो त्येला डाक्टरकडं."

"दत्तजयंतीला?"

"मग! शनिवारी न्हवती का? अन् सोमवारी तर तुमीच स्टँडवर दिसलात, वैनी, त्या करिष्मासंगं आंबाजोगाईच्या गाडीत चढताना. त्यो इथंच बसलेला, पट्टी बांधून. मीच म्हणलं त्येला, बघ, वैनी चालल्या बाजाराला."

उज्ज्वला स्टुलावरून उठली. शनिवारी हात मोडला. सोमवारी तिनं शपथ मोडली. आणि गुरुवारी तो 'तरीच' म्हणाला.

"काय झालं वैनी? थांबा की, येईल त्यो येवढ्यात."

"जाते मी," ती म्हणाली. घरापर्यंतचा रस्ता तिला आठवत नाही.

आई, भिवराबाई, शेरडाची धार काढत होती. उज्ज्वला तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं, ताडपत्रीपासून तेलगावपर्यंत. भिवराबाईनं धार थांबवली नाही, मध्ये एक शब्द विचारला नाही. आयांना बरंचसं आधीच माहीत असतं.

"तुज्या बापानं मला आजवर एक शपत घातली न्हाई, उजे," ती शेवटी म्हणाली. "तू पोटात असताना मी मरायला टेकले हुते. ह्यो मेंढरं घिऊन घाटाखाली गेलता. निरोप गेला तवा आला, उशाला बसला, अन् सोताच्या गळ्याला हात लावून म्हणला, भिवरे, आता तुला टाकून घाट उतरणार न्हाई. मला 'मरू नको' म्हणून शपत घातली न्हाई. सोता खाल्ली. घाटाखाली न्हेल्याबिगर मेंढरं जगतेत व्हय? इकावी लागली. शेरडावर आलो. पर त्यो उतरला न्हाई." तिनं चरवी बाजूला ठेवली. "तुज्या त्या डायवरनं कवा सोता खाल्ली का एखादी?"

उज्ज्वला आठवायला लागली. किती शोधलं तरी एक सापडेना. घातलेल्या मात्र मोजता येत नव्हत्या.

"माय, अण्णाला सांग ना. अजून एक भरती. येकच."

भिवराबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "कुठल्या तोंडानं सांगू? त्यानं शब्द पाळला, पोरी. तू पाळला न्हाईस."

*

शनिवारी संध्याकाळी तिनं सोमेश्वरला धारूरच्या किल्ल्याजवळ बोलावलं. दुसऱ्या दिवशी नांदूरघाटचे पाहुणे यायचे होते. तो आला, तिच्याशेजारी दगडावर बसला, तिची वेणी हातात घेऊन हळूच ओढली. अंगाला त्याच ओळखीच्या साबणाचा वास. उज्ज्वलाला वाटलं, काही न बोलता असंच बसून राहावं. अजूनही वाटत होतं!

"रुसलीस का?"

"न्हाई. एक मागू?"

"जीव माग."

"जीव नको. शपत खा. सोताच्या गळ्याला हात लावून म्हण, उद्या सकाळी मामाला घिऊन तुज्या घरी येतो."

तो हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "असं कुठं असतंय का?"

"खा ना. येकच."

"उजू, तू बारावी झालेली ना?" त्यानं वेणी सोडली. "शपतीनं काय व्हत असतंय? अडाणी लोकं मानतेत असलं. मी न्हाई मानत."

किल्ल्याच्या भिंतीवर राघू ओरडत होते. उज्ज्वला त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं होतं तो टाळेल, रडेल, खोटीच शपथ खाईल. खोटी खाल्ली असती तरी कदाचित ती फसली असती. पण हा माणूस शपथ मानतच नव्हता.

"तू मानत न्हाईस," ती हळू म्हणाली. "पर मी मानते, हे तुला म्हाईत हुतं."

"तसं न्हाई गं—"

"शनिवारी पडलास तू. दत्तजयंतीला. अन् मी समजायले, माज्यामुळं. मी तुज्या पट्टीवर डोकं ठिऊन रडले सोमू. तुला एकदाबी वाटलं न्हाई, खरं सांगावं?"

त्याचा चेहरा उतरला. तो बोलला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू जाशील म्हणून भ्यालतो. मला सोडून समदे गेले, उजू. तुला कशानं धरून ठेवावं, मला कळंना..."

ते पाणी खोटं नव्हतं. उज्ज्वलाला ते कळत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं. खोटा माणूस सोडणं सोपं असतं. याचं दुःख खरं होतं, फक्त त्याची किंमत तो तिच्याकडून वसूल करत होता. तिचा हात त्याच्या गालाकडं गेला... आणि अर्ध्यातून मागं आला.

"मला धरून ठेवायचं काम नव्हतं," ती म्हणाली. "मी तुजीच हुते. पळून परत आले असते."

ती उठली. तोही उठला, आणि सवयीनं त्याची चिमूट गळ्याकडं गेली. "माज्या गळ्याची शपत हाय उजू, आता गेलीस तर—"

"सुटली," उज्ज्वला म्हणाली.

लहान मुलं खेळताना एकमेकांना घातलेल्या शपथा सोडवायला हाच शब्द वापरतात. बाविसाव्या वर्षी तिनं तो उच्चारला. ती वळली आणि किल्ल्याची वाट उतरायला लागली. मागून त्यानं हाका मारल्या, पहिली मोठी, मग बारीक, मग एकही नाही. तिनं फोन बंद केला.

गोष्टीत अशा वेळी नायिकेला मोकळं मोकळं वाटतं म्हणतात. उज्ज्वलाला भीती वाटली. शपथेत काही नसतं हे तिला आता कळलं होतं, पण ते तिच्या डोक्याला कळलं होतं. जीव अजून मानतच होता. रात्रभर रस्त्यानं एखादी मोटरसायकल जोरात आली की तिला वाटायचं, निरोप आला. कुणी दार वाजवलं की वाटायचं, झालं.

रविवारी सकाळी आई तिला बाजारात घेऊन गेली. पाहुण्यांसाठी पोहे घ्यायचे होते, एक डझन केळी घ्यायची होती. केळीवाल्याच्या गाड्यापाशी उज्ज्वला उभी होती, आणि समोरच्या हॉटेलच्या बाकावर तिला सोमेश्वर दिसला. शहादेवबरोबर बसला होता. हातात भज्यांची प्लेट होती. शहादेव काहीतरी म्हणाला आणि तो हसला. खळी पडली.

तिनं आईचा दंड घट्ट धरला.

"काय गं? काय झालं?"

"माय... त्यो बघ. जिता हाय."

भिवराबाईनं वळून बघितलं. जरा वेळ बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "भजी खायलाय."

"त्यानं माजं समदं घालवलं, माय. माजी भरती गेली. अन् तरीबी..." उज्ज्वलाचा हुंदका फुटला. भर बाजारात, केळीच्या गाड्यासमोर. "तरीबी त्याला बघून मला लई बरं वाटलं गं."

केळीवाला तिकडं बघायला लागला. भिवराबाईनं लेकीला आपल्या आडोशाला घेतलं आणि पदराचं टोक तिच्या हातात दिलं.

"पूस," ती म्हणाली. "अन् चल. पाव्हणे दुपारच्या गाडीनं यायलेत."